डार्विन आणि कवितेची पुस्तके

१८३१ सालच्या डिसेंबर महिन्यात ‘बीगल’ नावाचे एक सर्वेक्षण-जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यावरून दक्षिण अमेरिकेकडे निघाले. त्या जहाजावर चार्ल्स डार्विन हा बावीस वर्षांचा निसर्ग-अभ्यासक होता. जहाज लहान होते. नकाशे काढण्याच्या मोठ्या मेजावर टांगलेल्या झोळीत त्याला निजावे लागे, आणि त्याच खोलीच्या भिंतींना लागून जहाजावरचे सुमारे ४०० ग्रंथ रचून ठेवलेले होते. जहाज किनाऱ्याला लागले की डार्विन घोड्यावरून किंवा पायी दूरवर आत जाई. अशा सफरीत सोबत घ्यायचे ओझे बेताचेच असे. दगड फोडण्याचा हातोडा, नमुने ठेवण्याच्या पेट्या, बंदूक, टिपणवही, आणि फार तर एखादे लहानसे पुस्तक. एकच पुस्तक नेता येण्याजोगे असले, की त्याचा हात दर वेळी मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याकडे जाई.

पुढे सुमारे पंचेचाळीस वर्षांनी, जगाने ज्यांना थोर शास्त्रज्ञ म्हणून मान्यता दिली होती त्या डार्विन यांना कवितेची एक ओळही वाचवत नव्हती. कोणी सक्ती केली नव्हती, कवितेविषयी त्यांच्या मनात रागही नव्हता. गोडी आटून गेली होती, एवढेच. ती केव्हा आटली हे त्यांना नीट सांगता आले नाही. परंतु ती आटली याची खंत त्यांनी आपल्या आत्मवृत्तात मोकळेपणाने नोंदवून ठेवली आहे.

डार्विन यांच्या घराण्यात कविता होती. त्यांचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे नामांकित वैद्य आणि त्या काळचे लोकप्रिय कवी होते. ‘बोटॅनिक गार्डन’ या आपल्या दीर्घकाव्यात त्यांनी वनस्पतींचे वर्गीकरण पद्यात बसवले होते. फुलांतील पुंकेसर आणि स्त्रीकेसर त्यांच्या काव्यात नायक-नायिका होऊन वावरतात. सर्व जीवसृष्टी सागरातील अतिसूक्ष्म जीवांपासून हळूहळू उपजली असावी, ही कल्पनाही त्यांनी पद्यातूनच मांडली. ते काव्य त्यांच्या मृत्यूनंतर १८०३ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर सहा वर्षांनी, १२ फेब्रुवारी १८०९ रोजी श्रूजबरी या गावी चार्ल्सचा जन्म झाला. वडील रॉबर्ट हेही वैद्यच होते. चार्ल्स आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली.

नवव्या वर्षी त्याला गावातल्याच निवासी शाळेत घालण्यात आले. शाळेत लॅटिन आणि ग्रीक या भाषांना सर्वाधिक महत्त्व असे, आणि त्यातही पद्यरचनेला. मुलांनी दिलेल्या विषयावर वृत्तबद्ध ओळी रचायच्या, जशी आपल्याकडे जुन्या पाठशाळांत समस्यापूर्ती होत असे. चार्ल्सला ते साधत नसे. मग मित्रांच्या मदतीने त्याने जुन्या ओळींचा भरपूर साठा जमवला आणि त्यांचे तुकडे जोडून कोणत्याही विषयावर पद्य तयार करण्याची युक्ती काढली. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी तो व्हर्जिल किंवा होमर या कवींच्या चाळीस-पन्नास ओळी सहज घोकून घेई आणि दोन दिवसांत साफ विसरून जाई. या साऱ्या घोकंपट्टीत त्याला खरा आनंद दिला तो होरेस या रोमन कवीच्या काही गीतांनी. बाकीचे पाठांतर वाऱ्यावर गेले. होरेसच्या त्या गीतांचे कौतुक मात्र त्याने म्हातारपणीही केले.

शाळेने लादलेली कविता अशी निसटून जात असताना, त्याच शाळेच्या जाड भिंतीतील एका जुन्या खिडकीत बसून चार्ल्स तासन्‌तास शेक्सपिअरची ऐतिहासिक नाटके वाचत असे. ही नाटके कोणी नेमून दिली नव्हती. बायरन आणि स्कॉट यांची तेव्हा नव्याने निघालेली काव्ये त्याने वाचली, ऋतूंचे वर्णन करणारे टॉमसनचे काव्यही वाचले. १८२२ साली वेल्सच्या सीमेवर घोड्यावरून केलेल्या प्रवासात सृष्टिसौंदर्याची पहिली जाणीव आपल्या मनात जागी झाली, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. ही आठवण त्यांनी कवितेच्या आठवणीला लागूनच सांगितली आहे. त्या मुलाच्या मनात खिडकीतले वाचन आणि डोंगरांचे दर्शन या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

यानंतरची काही वर्षे भराभर गेली. वैद्यकीच्या शिक्षणासाठी तो एडिंबरोला गेला. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. शस्त्रक्रियेच्या वेळचे रोग्याचे हाल त्याला पाहवले नाहीत आणि ते शिक्षण सुटले. मग धर्मोपदेशक व्हावे म्हणून वडिलांनी त्याला केंब्रिजला पाठवले. तेथे त्याने अभ्यासापेक्षा भुंगेरे अधिक गोळा केले. हेन्स्लो या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचा स्नेह मिळवला. आणि संगीताचे कान नसतानाही किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरातील गायन ऐकताना त्याच्या अंगावर रोमांच उभे राहत. हेन्स्लो यांच्या शिफारशीमुळेच ‘बीगल’वर जाण्याची संधी त्याला मिळाली.

ही सफर जवळजवळ पाच वर्षे चालली. त्यांपैकी तीन वर्षांहून अधिक काळ डार्विन यांनी जमिनीवर काढला. मिल्टनचे ते महाकाव्य आदम आणि इव्ह यांच्या स्वर्गच्युतीची कथा सांगते. त्यात सैतान निद्रिस्त इव्हच्या कानाशी भेकाच्या रूपात बसून तिला भुलवतो असा प्रसंग आहे. अर्जेंटिनातील बाहिया ब्लांका येथे डार्विन यांना कोळशासारखा काळा, पोटाखाली शेंदरी रंग असलेला एक चमत्कारिक भेक दिसला, तेव्हा त्यांना हाच प्रसंग आठवला आणि त्यांनी तो आपल्या प्रवासवृत्तान्तात गमतीने नोंदवला. पॅटागोनियातील ओसाड माळरानासमोर उभे असताना मनात आलेले विचार लिहिताना त्यांनी शेलीच्या माँ ब्लाँ पर्वतावरील कवितेचा आधार घेतला. जे डोळ्यांना दिसत होते ते पुरते सांगण्यासाठी या तरुण शास्त्रज्ञाला कवींची गरज वाटत होती. त्याच्या टिपणवहीत खडकांच्या थरांची मोजमापे आणि कवींच्या आठवणी यांचे भांडण नव्हते.

२ ऑक्टोबर १८३६ रोजी जहाज मायदेशी परतले आणि डार्विन लंडनमध्ये राहू लागले. हा काळ विशेष लक्ष देण्याजोगा आहे. १८३७च्या जुलैमध्ये त्यांनी एक गुप्त टिपणवही सुरू केली. प्राण्यांच्या जाती बदलतात का, बदलत असतील तर कशा, या प्रश्नावर ते रात्रंदिवस विचार करू लागले. १८३८च्या सप्टेंबरअखेरीस माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध वाचताना त्यांना नैसर्गिक निवडीचे सूत्र सापडले. याच दोन वर्षांत ते वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज यांच्या कवितेत रमले होते. वर्ड्‌स्वर्थचे ‘एक्स्कर्शन’ हे नऊ सर्गांचे चिंतनपर काव्य आहे. त्या काळच्या रसिकांनाही ते जड वाटे. डार्विन यांनी ते अथपासून इतिपर्यंत दोनदा वाचले, आणि म्हातारपणी ही गोष्ट त्यांनी थोड्या अभिमानानेच सांगितली आहे. मिल्टनची जागा आता वर्ड्‌स्वर्थने घेतली होती. प्रवासात हवी असलेली भव्यता आणि घरी आल्यावर हवे असलेले निसर्गचिंतन, असा हा बदल असावा.

विज्ञानाने डार्विन यांची कविता मारली, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते तितकेसे खरे वाटत नाही. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसी विचार ज्या महिन्यांत जन्माला आला, त्याच महिन्यांत त्यांच्या मेजावर काव्यसंग्रह होते. गोडी आटली ती नंतर, आणि तिची कारणे अधिक घरगुती, अधिक साधी आहेत.

२९ जानेवारी १८३९ रोजी त्यांचा एमा वेजवुड यांच्याशी विवाह झाला. १८४२ साली हे कुटुंब लंडन सोडून केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहावयास गेले. डार्विन यांना एका चिवट आजाराने गाठले होते. उलट्या, छातीत धडधड, कमालीचा थकवा. दिवसातून काही तासच काम करता येई. ते तास वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी दिनक्रम काटेकोर बांधून घेतला. सकाळी काम, मग टपाल, पुन्हा काम, बागेशेजारच्या वाळूच्या पायवाटेवर ठरावीक फेऱ्या, दुपारी कोचावर पडून विश्रांती, आणि रात्री एमा यांच्याबरोबर फाशांनी खेळायच्या बॅकगॅमनचे दोन डाव. या डावांचाही हिशेब ते ठेवत. १८७६ साली एका मित्राला त्यांनी कळवले की एमा यांनी २,४९० आणि आपण २,७९५ डाव जिंकले आहेत. जो माणूस खेळाचाही असा जमाखर्च ठेवतो, त्याने वाचलेल्या पुस्तकांच्या याद्या ठेवल्या नसत्या तरच नवल. १८३८ ते १८६० या काळातील त्यांच्या अशा याद्या आजही उपलब्ध आहेत.

या घरात पुस्तकांचे रूप पालटले. डार्विन यांच्या दृष्टीने पुस्तक हे आता अवजार होते. हातात धरायला जड वाटणारा ग्रंथ ते सरळ मधोमध कापून त्याचे दोन भाग करीत. लहान पुस्तिकांतील उपयोगाची पाने फाडून ठेवीत आणि उरलेली टाकून देत. पुस्तकाच्या समासात खुणा, शेवटी पृष्ठांकांची यादी, मग त्यावरून विषयवार टिपणे असा सारा कारखाना होता. आठ वर्षे तर त्यांनी खडकांना आणि जहाजांच्या तळांना चिकटणाऱ्या बार्नॅकल या कवचधारी प्राण्यांचे विच्छेदन करण्यात घालवली. अशा वाचनाने त्यांचे थोर ग्रंथ सिद्ध झाले यात शंका नाही. पण कवितेचे पुस्तक मधोमध कापून, कामाचे तेवढे पान काढून घेऊन वाचता येत नाही. तिच्यापाशी काही काम न काढता बसावे लागते. डार्विन यांच्यापाशी तेवढा मोकळा वेळ आणि तेवढी ताकद उरली नव्हती.

मोकळ्या वेळेसाठी उरल्या कादंबऱ्या. त्याही ते स्वतः वाचत नसत. कोचावर पडल्या पडल्या एमा किंवा घरातील दुसरे कोणी त्या मोठ्याने वाचून दाखवीत. कादंबरीचा शेवट गोड असावा, तिच्यात जीव लावावा असे एखादे पात्र असावे आणि ते पात्र देखणी स्त्री असेल तर फारच उत्तम, एवढीच त्यांची अपेक्षा असे. दुःखान्त कादंबऱ्यांवर कायद्याने बंदी घालावी, असे ते गमतीने म्हणत. या थट्टेमागे एक जखम होती, असे मानण्यास जागा आहे. २३ एप्रिल १८५१ रोजी त्यांची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी आजारपणात मरण पावली. तिच्या मृत्यूनंतर आठवड्याभरात त्यांनी तिच्या आठवणींची काही पाने लिहिली. तिचे चालणे, हसणे, वडिलांचे केस विंचरीत बसणे, सारे त्यात आहे. ती पाने वाचली म्हणजे या माणसाच्या भावना सुकल्या होत्या असे म्हणवत नाही. ज्याने खरे दुःख इतक्या जवळून पाहिले, त्याला विश्रांतीच्या वेळी पुस्तकातले दुःख नको वाटले असेल.

१८५९ सालच्या २४ नोव्हेंबरला ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या शेवटच्या परिच्छेदात नाना वनस्पतींनी गजबजलेला एक बांध, झुडपांत गाणारे पक्षी, भिरभिरणारे कीटक आणि ओलसर मातीत सरपटणाऱ्या अळ्या यांचे एक चित्र येते. हे लेखन निव्वळ शास्त्रीय नाही. डार्विन यांच्या भाषेत आणि कल्पनाशक्तीत मिल्टनच्या वाचनाचा वाटा किती मोठा आहे, हे जिलियन बीअर या समीक्षिकेने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात उलगडून दाखवले आहे. काव्यसंग्रह फळीवर गेले, तरी त्यांनी घडवलेली वाक्यरचना लेखणीत राहिली होती.

स्वतः डार्विन यांना मात्र उणीव जाणवू लागली होती. १८६८च्या जूनमध्ये हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राने हँडेलची ‘मसाया’ ही संगीतरचना ऐकल्याचे कळवले. उत्तरात डार्विन यांनी लिहिले, की ती पुन्हा एकदा ऐकावी असे वाटते, पण आता तिचा पूर्वीसारखा आस्वाद घेता येणार नाही अशी भीतीही वाटते. कारण विज्ञानावाचून इतर प्रत्येक विषयात आपली अवस्था वाळल्या पानासारखी झाली आहे. त्याच उन्हाळ्यात ते कुटुंबासह वाइट बेटावर हवापालटासाठी गेले. तेथे राजकवी टेनिसन त्यांना भेटावयास आले. टेनिसन यांनी भूस्तरातील जीवाश्म आणि निसर्गाचे निष्ठुर रूप यांना आपल्या ‘इन मेमोरियम’ या शोककाव्यात ‘ओरिजिन’च्या नऊ वर्षे आधीच स्थान दिले होते. कवी विज्ञान वाचीत होता. वैज्ञानिकाचे कविता वाचणे थांबले होते.

यानंतरच्या दोन ग्रंथांत कविता निराळ्या वाटेने आली. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात त्यांनी असा तर्क केला की मनुष्याच्या पूर्वजांनी अर्थपूर्ण भाषा बोलण्यापूर्वी सुरांचा वापर केला असावा, आणि कविता ही गाण्याचीच कन्या असल्यामुळे ती इतकी प्राचीन असावी. पुढच्या वर्षी माणूस व प्राणी यांच्या भावदर्शनावर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यात शेक्सपिअर पुन्हा भेटतो. पण क्रोधात नाकपुड्या कशा फुलतात, मनात खळबळ असता माणूस ओठ कसा चावतो, याचा पुरावा म्हणून. ज्या ऐतिहासिक नाटकांसाठी शाळेच्या खिडकीत बसलेला मुलगा भान विसरत असे, त्यांतील ओळी आता भुंगेऱ्यांप्रमाणे नमुना म्हणून टाचल्या गेल्या होत्या. शेक्सपिअरचे निरीक्षण इतके अचूक होते की तेथेही तो शोभला, ही गोष्ट वेगळी.

१८७६ सालच्या मे ते ऑगस्ट या महिन्यांत, रोज दुपारी तासभर बसून डार्विन यांनी मुलानातवंडांसाठी आपले आत्मवृत्त लिहिले. आपल्या मनाची तपासणी त्यांनी एखाद्या प्राण्याची करावी तशी केली आहे. तिसाव्या वर्षापर्यंत किंवा थोडे पुढेपर्यंत मिल्टन, ग्रे, बायरन, वर्ड्‌स्वर्थ, कोलरिज, शेली यांच्या कवितेने आपल्याला मोठा आनंद दिला, हे ते सांगतात. आता कित्येक वर्षे कविता सहन होत नाही. नुकताच शेक्सपिअर वाचण्याचा पुन्हा प्रयत्न केला, पण तो इतका नीरस वाटला की किळस आली, असेही ते प्रांजळपणे नोंदवतात. चित्रांची आवड गेली. संगीत ऐकताना मन सुखावण्याऐवजी हाती असलेल्या कामाचाच विचार जोराने करू लागते. इतिहास, चरित्रे, प्रवासवर्णने मात्र पूर्वीइतकीच आवडतात, आणि याचेच त्यांना नवल वाटते. आपले मन वस्तुस्थितीच्या ढिगातून सामान्य नियम दळून काढणारे एक यंत्र झाले आहे, हा त्यांचा निष्कर्ष. पण त्यामुळे रसिकतेचा भाग तेवढा का झिजावा, हे कोडे त्यांना सुटत नाही.

उत्तर शोधताना ते आपल्याच शास्त्राकडे वळतात. अंधाऱ्या गुहांत राहणाऱ्या प्राण्यांचे डोळे वापराअभावी नाहीसे होतात, असे त्यांनी ‘ओरिजिन’मध्ये म्हटले होते. अशी झीज पिढ्यान्‌पिढ्या उतरते हे आजचे जीवशास्त्र मानत नाही. परंतु एका माणसाच्या आयुष्यापुरता न वापरलेला गुण बोथट होतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. डार्विन यांनी तेच स्वतःला लावले. पुन्हा आयुष्य जगावयास मिळाले तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचण्याचा आणि थोडे संगीत ऐकण्याचा आपण नेम करू, असे त्यांनी लिहिले. ही गोडी गमावणे म्हणजे सुख गमावणे होय. त्याने बुद्धीचे, आणि त्याहूनही अधिक नैतिक स्वभावाचे नुकसान होत असावे, अशी शंकाही त्यांनी व्यक्त केली. आपल्या ग्रंथांत प्रत्येक विधान सतरा वेळा तपासणाऱ्या या माणसाने स्वतःवर ठेवलेला हा आरोप थोडा कठोरच म्हटला पाहिजे.

१८७९ साली त्यांनी आपल्या आजोबांचे छोटेसे चरित्र लिहिले. एके काळी इंग्लंडभर वाखाणलेली आजोबांची कविता आता कोणी वाचीत नाही, हे त्यांना त्यात नमूद करावे लागले.

संध्याकाळी एमा पियानो वाजवीत आणि ते कोचावर पडून ऐकत. सूर ओळखणे त्यांना कधीच जमले नव्हते. आवडीची एखादी रचना वाजू लागली की ती छान आहे असे म्हणून तिचे नाव विचारीत. पुढच्या वेळी तीच रचना वाजली की पुन्हा विचारीत. गांडुळांवरील १८८१ सालच्या अखेरच्या ग्रंथासाठी याच पियानोवर गांडुळांची कुंडी ठेवून, सुरांच्या कंपनाने ती बिळात शिरतात का, हेही त्यांनी पाहिले. ती शिरली.

१९ एप्रिल १८८२ रोजी डाउन येथे डार्विन यांचे निधन झाले आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे दफन झाले. त्यांचे आत्मवृत्त १८८७ साली पुत्र फ्रान्सिस यांनी प्रसिद्ध केले. घरातील मंडळींना, विशेषतः एमा यांना, अडचणीची वाटलेली धर्मविषयक काही वाक्ये त्यातून वगळण्यात आली होती. ती १९५८ साली नात नोरा बार्लो यांनी परत घातली. कवितेविषयीचा उतारा मात्र पहिल्याच आवृत्तीत छापला गेला होता.